पैनगंगेवरील इसापूरचा जलाशय : पूर, पाटपाणी आणि आपले जाळे

यंदाच्या स्मरणिकेसाठी आपल्या भागाच्या इतिहासावर काही लिहावे, अशी आज्ञा संपादक मंडळींनी केली, तेव्हा प्रथम माझ्या मनात माहूरचा गड आला. परंतु गडकोटांवर आणि राजेरजवाड्यांवर पुष्कळांनी लिहिले आहे. आपला भोई समाज ज्या पाण्यावर पिढ्यान् पिढ्या जगला, त्या पाण्याचा इतिहास मात्र क्वचितच कोणी लिहितो. म्हणून यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्याच्या दक्षिण सीमेवर पैनगंगेस अडवून जो अफाट जलाशय निर्माण झाला आहे, त्या इसापूरच्या धरणाविषयी ज्ञातिबंधुभगिनींपुढे चार शब्द ठेवण्याचे मी योजिले आहे.

मी इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिक झाल्यावर शिक्षकाचे प्रशिक्षण घेऊन जन्मभर खेड्यापाड्यांच्या शाळांतून मुलांना गणित व भूगोल शिकविला, एवढीच माझी पुंजी. तेव्हा ह्या लेखात पांडित्य आढळणार नाही. हिशेब मात्र थोडाफार आढळेल. तो वाचताना कंटाळा करू नये, अशी विनंती आहे. कारण त्या हिशेबाशी आपल्या अनेक कुटुंबांची भाकरी बांधलेली आहे.

सीमेवरची नदी

पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन शेवटी वर्धा नदीस मिळते. यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण सीमा बव्हंशी तिनेच आखली आहे. पूस, अरुणावती, अडाण, वाघाडी, खुनी ह्या आपल्या जिल्ह्यातील नद्या उत्तरेकडून तिला मिळतात. कयाधू दक्षिणेकडून येते. उमरखेडच्या खाली सहस्रकुंडाजवळ ती खडकांवरून कोसळते, तेव्हा पावसाळ्यातील तिचे रूप पाहून छातीत धडकी भरते. उन्हाळ्यात मात्र हीच नदी जागोजाग डोहांपुरती उरते. चार महिने उधाण आणि आठ महिने उपास, हा तिचा मूळ स्वभाव होय.

ही नदी केवळ जिल्ह्याची सीमा नव्हती. ती दोन राजवटींची सीमा होती. १८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा, असा तो प्रकार होता. १९०२ मध्ये इंग्रजांनी वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला आणि १९०३ मध्ये तो मध्यप्रांतास जोडला. १९०५ साली जिल्ह्यांची फेररचना झाली, तेव्हा पूर्वीच्या वणी जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले आणि वाशीम जिल्ह्यातील पुसद तालुका त्यास जोडण्यात आला. तेव्हापासून अलीकडचा काठ इंग्रजी अमलाचा आणि पलीकडचा काठ हैदराबाद संस्थानाचा, अशी स्थिती आपल्या आजोबा-पणजोबांनी प्रत्यक्ष पाहिली.

ह्या दोन काठांना जोडणारा मनुष्य कोण? तो भोई. माहूरच्या रेणुकामातेच्या दर्शनास जाणारे वऱ्हाडातील यात्रेकरू, बाजारास जाणारे व्यापारी, सासरी-माहेरी जाणाऱ्या लेकीबाळी ह्यांस पूर असो वा डोह असो, पलीकडे नेण्याचे काम आपल्या डोंग्यांनी केले. खांद्यावर पालखी, हाती वल्हे आणि कमरेला जाळे, ही आपल्या पूर्वजांची तीन साधने होती. सडका आणि मोटारी आल्या, तेव्हा पालखी गेली. पूल झाले, तेव्हा वल्हे ठेवावे लागले. शेवटी जाळे तेवढे उरले. धरणे झाली, तेव्हा त्या जाळ्याचे काय झाले, हाच प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

नदी जोवर दोन राजवटींची सीमा होती, तोवर तिच्यावर मोठे धरण बांधणे अवघडच होते. धरणाचे एक टोक एकाच्या हद्दीत आणि दुसरे दुसऱ्याच्या हद्दीत, बुडणारी जमीन एकाची आणि भिजणारी जमीन दुसऱ्याची, अशा ठिकाणी सलोखा होणे कठीण असते. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ व मराठवाडा हे दोन्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. पैनगंगेच्या ह्या भागाचे दोन्ही काठ एका राज्यात आले, ते असे. इसापूरच्या धरणाचा पाया मुरमा-दगडात घातला गेला, हे खरे. परंतु त्याच्या आधी तो ह्या एकीकरणात घातला गेला होता, असे माझे मत आहे.

पूस आणि इसापूर

पैनगंगेपूर्वी पूस नदीवर धरण झाले. पुसद शहरास जिचे नाव मिळाले, त्या ह्या नदीवरील धरण १९७१ साली पूर्ण झाले. त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री पुसद तालुक्यातील गहुली गावचे सुपुत्र श्री. वसंतराव नाईक हे होते. ते ५ डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या पदावर होते. त्याच गहुलीचे श्री. सुधाकरराव नाईक हेही पुढे १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत १९९२ साली जलसंधारणाचे स्वतंत्र खाते सुरू झाले. एकाच लहानशा गावातील दोन मुख्यमंत्र्यांच्या मनात पाण्याचा विचार एवढा असावा, ह्याचे कारण ह्या मातीत शोधावे लागते. वऱ्हाडची काळी जमीन पाऊस पिऊन घेते. पण भाद्रपदात पावसाने डोळे वटारले, की कापसाची बोंडे आणि ज्वारीची कणसे एकदमच मान टाकतात.

पूसचे धरण झाले, तेव्हा मी शाळकरी मुलगा होतो. वडिलांबरोबर पाणी पाहावयास गेलो होतो. समुद्र मी पाहिला नव्हता. तो असाच असावा, असे वाटले. वडील पाण्याकडे बराच वेळ पाहत राहिले व म्हणाले, “एवढ्या पाण्यात जाळे टाकायचे कुठे?” त्या वेळी मला तो विनोद वाटला. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. लोकांनी तांबडी ज्वारी व सुकडी खाऊन, खडी फोडून दिवस काढले. त्या वर्षानंतर धरण नको, असे म्हणणारा मनुष्य आमच्या भागात मिळणे कठीण झाले.

गोदावरीच्या खोऱ्यातील पाण्याचा वाटा निरनिराळ्या राज्यांनी कसा घ्यावा, ह्यासाठी १९६९ मध्ये केंद्र सरकारने लवाद नेमला. राज्याराज्यांत करार झाले आणि १९८० मध्ये लवादाने अखेरचा निवाडा दिला. ह्याच काळात ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे काम चालू होते. इसापूरचे मातीचे धरण १९८२ साली उभे राहिले. त्याची लांबी चार किलोमीटरांहून अधिक असून उंची ५७ मीटर आहे. जलाशय पूर्ण भरला, म्हणजे पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४४१ मीटर होते. एकूण साठा साडेबाराशे दशलक्ष घनमीटरांच्या घरात आहे. त्यातील सुमारे ९६० दशलक्ष घनमीटर पाणी कालव्यांस देता येते. बाकीचे तळाशी राहते. त्यास ‘मृत साठा’ म्हणतात. हे नाव लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे. एका काठास आपला पुसद तालुका आणि दुसऱ्या काठास कळमनुरी तालुका, जो पूर्वी परभणी जिल्ह्यात होता आणि १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात आहे. डाव्या व उजव्या कालव्यांनी यवतमाळ, हिंगोली आणि नांदेड ह्या तिन्ही जिल्ह्यांतील सुमारे सव्वा लाख हेक्टर जमीन भिजवावी, अशी मूळ योजना होती.

एक जलाशय आणि तीन धनी

आता गणिताच्या तासाकडे वळू. हजार चौरस किलोमीटर मुलखावर पाऊस पडून त्यातील केवळ एक सेंटीमीटर जाडीचे पाणी नदीत वाहून आले, तर ते किती होते? एक कोटी घनमीटर, म्हणजे दहा दशलक्ष घनमीटर. वर्तमानपत्रात ‘दलघमी’ असे जे छापतात, ते हेच माप होय. पाणलोट कित्येक हजार चौरस किलोमीटरांचा असेल आणि वाहून येणारे पाणी एका सेंटीमीटराऐवजी दहा सेंटीमीटर असेल, तर दोन-तीन दिवसांत केवढा लोंढा येतो, ह्याचा हिशेब मुलांनी घरी करावा. दुसरे माप ‘क्युमेक’. सेकंदास एक घनमीटर पाणी वाहिले, तर तो एक क्युमेक. त्याचे सुमारे ३५ क्युसेक होतात. दरवाजांतून एक हजार क्युमेक पाणी अहोरात्र सोडले, तर चोवीस तासांत ८६ दशलक्ष घनमीटरांहून थोडे अधिक पाणी नदीत जाते.

धरण पूर कसा अडविते? धरणात जेवढी जागा रिकामी असेल, तेवढाच पूर त्यात मावतो. घागर काठोकाठ भरलेली असली, तर वरून ओतलेला तांब्या सांडतोच. म्हणून पावसाळ्याच्या आरंभी व मध्यास जलाशय पूर्ण भरू द्यावयाचा नाही, कोणत्या पंधरवड्यात पातळी कोठवर ठेवावयाची, ह्याचे तक्ते ठरलेले असतात. त्यास ‘जलाशय परिचालन सूची’ म्हणतात. दामोदर खोऱ्यात १९४८ मध्ये महामंडळ स्थापन होऊन मैथॉन व पंचेत ही धरणे झाली. पूरनियंत्रण हा त्यांचा एक मुख्य उद्देशच असल्याने त्यांत पुरासाठी वेगळी जागा राखलेली आहे. ती कल्पना अमेरिकेतील टेनेसी नदीच्या खोऱ्यात १९३३ पासून झालेल्या कामावरून घेतली होती. आपले इसापूर मुख्यतः पाटपाण्यासाठी बांधलेले. पूर अडविणे हे त्याचे दुसरे काम. जून-जुलैचा पूर ते पुष्कळदा पोटात घेते. परंतु भाद्रपदात ते भरलेले असले, तर वरून आलेले पाणी बहुतांशी खाली सोडणे प्राप्तच होते.

ह्यातूनच तीन धन्यांचा झगडा उद्भवतो. कालव्याखालचा शेतकरी म्हणतो, धरण लवकर भरा आणि भरलेलेच ठेवा. नदीकाठचा गावकरी म्हणतो, पावसाळ्यात ते रिकामे ठेवा, नाही तर आमचे घर जाईल. मच्छीमार म्हणतो, भरू नका की आटवू नका. पाणी एका पातळीवर राहू द्या, म्हणजे मासा वाढेल. तिघेही आपापल्या परीने खरे बोलतात. पैकी पहिल्याचे म्हणणे मोठ्याने ऐकू येते, दुसऱ्याचे पुराच्या वेळी ऐकू येते, तिसऱ्याचे मात्र बहुधा कोणाच्या कानी पडत नाही.

ह्या बाबतीत आमच्या घरची एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. आमचे गाव धरणाच्या खाली, नदीकाठी. धरण होऊन चार-सहा वर्षे झाली असतील. भाद्रपदातील एका दुपारी गावात दवंडी पिटली गेली, की रात्री नदीस पाणी सोडणार आहेत, काठावरची गुरे व सामान हलवावे. आकाश निरभ्र होते. चार दिवसांत गावात पावसाचा थेंब पडला नव्हता. माझे चुलते हसून म्हणाले, “ऊन पडलंय आणि पूर कुठला येतोय?” त्यांनी डोंगा काठावरच्या बाभळीस बांधलेला तसाच ठेवला आणि नव्या सुताची जाळीही तेथेच वाळत राहू दिली. मी त्या वेळी शाळेत मास्तर होतो. नकाशावर काठी ठेवून मुलांना पैनगंगेचा उगम दाखवीत होतो. पाऊस वर वाशीम-बुलढाण्याकडे पडतो आणि त्याचे पाणी आपल्याकडे येते, हे मी वर्गात सांगितले होते. घरी सांगितले नाही. वडीलधाऱ्या माणसास आपण काय शिकवावे, असा संकोच वाटला. पहाटे पाहिले, तो बाभळीचा शेंडा तेवढा दिसत होता. डोंगा गेला, जाळी गेली. माणसे वाचली, ही देवाची कृपा. परंतु जाळ्यांसाठी काढलेले कर्ज उभेच राहिले आणि ते फेडण्यासाठी चुलत्यांचा नातू सातवीतून शाळा सोडून वीटभट्टीवर गेला. तो माझ्याच वर्गात होता. गणितात पहिला येत असे. त्याचे नाव पटावरून कमी करण्याचे काम मलाच करावे लागले. ह्यात धरणाचा दोष नव्हता आणि दवंडी देणाऱ्याचाही नव्हता. ज्ञान घरात असून ते बोलून न दाखविणाऱ्या माझा दोष त्यात होता, आणि तो मी आजवर विसरलो नाही.

धरण सर्वच पूर अडविते, असाही समज करून घेऊ नये. २२ जुलै २०२३ रोजी महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पुराने वेढला गेला. चाळीसहून अधिक माणसे अडकली. वायुदलाची हेलिकॉप्टरे बोलाविण्यात आली आणि राज्याच्या आपत्ती दलाने त्या माणसांस बाहेर काढले. एका रात्रीच्या मुसळधार पावसाने ओढेनाले फुगले, म्हणजे मोठे धरण दूर असून उपयोग नसतो.

पूर गेला आणि माशाचे काय झाले?

आता वडिलांच्या त्या प्रश्नाकडे येतो. रोहू, कतला, मृगळ हे आपले मोठे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत. आषाढ-श्रावणात नदीस लोंढा आला, की ते प्रवाहाच्या विरुद्ध वर चढतात आणि काठच्या उथळ, नव्या पाण्यात वीण करतात. आपल्या पूर्वजांस हे शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक होते. ज्या पुरास गाव भितो, तोच पूर माशास जन्म देतो. धरणाने पूर आवरला आणि नदीत आडवी भिंत उभी केली. त्यामुळे खालच्या माशाची वरची वाट बंद झाली. खालच्या डोहांतील मासा उणावला, असे आमच्या गावचे जुने लोक सांगत असत, त्याचे एक कारण हे असावे.

ह्यावर उपायही शोधला गेला. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हीरालाल चौधरी ह्या शास्त्रज्ञाने माशाच्या मेंदूजवळील पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांची वीण तळ्यात घडवून आणली. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळण्यात येतो. आज जलाशयात जे मत्स्यजिरे व बोटुकली सोडतात, ती ह्या शोधामुळेच मुबलक मिळू लागली. निसर्गातील लोंढ्याचे काम आता सुईने होते, असे म्हणावयास हरकत नाही. त्यामुळे मासा जगला. पण एक फरक पडला. पूर्वी नदी बीज फुकट देत असे; आता बीज विकत घ्यावे लागते, पाण्याचा ठेका घ्यावा लागतो, त्यासाठी सहकारी संस्था लागते आणि संस्थेस हिशेब लागतो. जाळे विणण्यास जेवढे कसब लागते, तेवढेच आता कीर्दखतावणी लिहिण्यास लागते.

वर ‘मृत साठा’ हा शब्द लक्षात ठेवावयास सांगितले होते. इंजिनियराच्या दृष्टीने ते पाणी मृत. कारण ते कालव्यात उतरत नाही. परंतु मे महिन्यात कालव्यांनी बाकीचे पाणी ओढून घेतल्यावर माशाचा आणि मच्छीमाराचा जीव त्याच पाण्यावर राहतो. दर वर्षी गाळ येऊन बसतो आणि तो प्रथम हीच जागा खातो. तेव्हा गाळाचा प्रश्न केवळ शेतकऱ्याचा नसून आपलाही आहे.

जाळ्याशेजारी आता गळही आला आहे. छंद म्हणून गळ टाकणे ही गोष्ट आपल्या वाडवडिलांस चमत्कारिक वाटली असती. इंग्रज अंमलदारांस तिचे वेड होते. मद्रासेकडील अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस ह्याने १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ ह्या नावाचा ग्रंथच लिहिला. मुंबईजवळील पवईचा तलाव १८९१ च्या सुमारास शहरास पाणी पुरविण्यासाठी बांधला. पण ते पाणी पिण्यास योग्य ठरले नाही. मग तेथे गळकऱ्यांच्या संस्थेने मासे सोडून छंदासाठी तो तलाव वापरला. लोणावळ्यास टाटांच्या वीज-तलावांजवळ महाशीर माशाची पैदास करून तो पुन्हा नद्यांत सोडण्याचे मोठे काम झाले. आता आपल्याकडेही सुटीच्या दिवशी शहरातील तरुण काठ्या व गळ घेऊन जलाशयांच्या काठी बसलेले दिसतात. काही जण मासा पकडून त्याचे छायाचित्र काढतात आणि तो परत पाण्यात सोडतात. आमच्या आळीतील म्हाताऱ्या बायांस ह्याचे हसू येते. परंतु हसण्यासारखे त्यात काही नाही. कर्नाटकात कावेरीकाठी भीमेश्वरी येथे अशा हौशी लोकांची वाट दाखविण्यास काठचेच मच्छीमार ठेवले गेले. डोह कोठे, मासा कोणत्या वेळी वर येतो, हे त्यांच्यावाचून दुसऱ्या कोणास ठाऊक होते? पुढे अभयारण्याच्या नियमांमुळे तेथील गळ बंद झाला आणि ते कामही गेले. ह्या उदाहरणाच्या दोन्ही बाजू आपण ध्यानात घ्याव्यात. कारण इसापूरच्या परिसरासही २०१४ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला आहे. हिवाळ्यात तेथे दूरदेशीचे पक्षी उतरतात, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु पक्ष्यांचे नियम ठरतील, तेथे पाण्यावर जगणाऱ्या माणसानेही बोलावयास हवे.

पाण्याचा सातबारा

धरणात ज्याची जमीन गेली, त्यास मोबदला मिळाला. कमी मिळाला, उशिरा मिळाला, हा वाद वेगळा. १८९४ च्या भूसंपादन कायद्यास जमीन दिसत होती; पाणी दिसत नव्हते. महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. तोही मुख्यतः जमीन व घर गेलेल्यांचाच विचार करणारा. ज्या भोयाची उपजीविका डोहावर होती, तो कोणता कागद दाखविणार? शेताचा सातबारा असतो, डोहाचा नसतो. आपले लोक कागदाच्या अभावी गप्प राहिले. कोणी ऊसतोडीस गेले, कोणी शहरात हमाली धरली, कोणी धरणावरच रोजंदारीने माती वाहिली.

ह्या अंधारात एक दिवा उशिरा का होईना, पण लागला आहे, आणि तो फार थोड्यांस ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम नमूद करतो. १ जानेवारी २०१४ पासून भूसंपादन व पुनर्वसनाचा जो नवा कायदा अमलात आला, त्यात ‘बाधित कुटुंब’ ह्या शब्दाची व्याख्या करताना जमीनमालकांबरोबरच पाण्यावर उपजीविका असलेली कुटुंबे घेतली आहेत आणि त्यांत मच्छीमार व नावाडी ह्यांचा उल्लेख शब्दाने केलेला आहे. संपादनापूर्वी तीन वर्षे उपजीविका मुख्यतः त्या पाण्यावर असली पाहिजे, अशी अट आहे. पाटबंधारे प्रकल्पाच्या जलाशयात बाधित कुटुंबांस मासेमारीचा हक्क देता येईल, असेही त्यात म्हटले आहे. इसापूर त्या कायद्याच्या तीस वर्षे आधीचे. त्यास तो मागे जाऊन लागत नाही. परंतु पैनगंगेवर आणि तिच्या उपनद्यांवर अजून कामे व्हावयाची आहेत. तेव्हा आपल्या हाती कागद हवा. मासळी विकल्याची पावती, संस्थेच्या सभासदत्वाचे पुस्तक, ग्रामपंचायतीचा दाखला, ह्यांपैकी जे असेल ते जपून ठेवावे. आपल्या वडिलांपाशी ते नव्हते. आपल्या मुलांपाशी असावे.

समारोप

लेख लांबला, त्याबद्दल क्षमा असावी. जाता जाता ज्ञातिबांधवांस तीन गोष्टी विनवितो. पहिली, पावसाळ्यात धरणाचा साठा व विसर्ग ह्यांचे आकडे रोज जाहीर होतात. ते प्रत्येक नदीकाठच्या घरात मुलांनी मोठ्याने वाचून दाखवावेत आणि मोठ्यांनी ते ऐकावेत. आपल्या अंगणात ऊन पडले म्हणून नदी कोरडी राहत नाही. दुसरी, जलाशयात थर्मोकोलच्या तुकड्यावर बसून जाळी लावण्यास जाणाऱ्या तरुणांनी जीवरक्षक जाकीट वापरावे. नदीत पोहणारा मनुष्य जलाशयातील वाऱ्यापुढे व लाटांपुढे टिकेलच, असे नाही. तिसरी, ज्यांनी धरणापूर्वीची पैनगंगा पाहिली, असे वृद्ध आता थोडेच उरले आहेत. कोणत्या डोहाचे नाव काय होते, उतार कोठे होता, डोंगा कोठून कोठे जात असे, हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे. पाण्याखाली गेलेल्या त्या जागांचा दुसरा नकाशा कोठेही मिळावयाचा नाही.

वीटभट्टीवर गेलेला माझा तो विद्यार्थी आज पन्नाशीत आहे. जलाशयावरील एका मच्छीमार संस्थेचे हिशेब तोच लिहितो. शाळा सुटली, परंतु गणित सुटले नाही. गेल्या पावसाळ्यात त्याच्या घरी गेलो होतो. दारात त्याची नात पाटीवर दलघमीचे आकडे मांडून बसली होती. “आजोबा, आज किती क्युमेक सोडलं?” असे तिने विचारले. त्याने वर्तमानपत्र पुढे करून तिलाच वाचावयास सांगितले. तिने आकडा वाचला, पाटीवर गुणाकार केला आणि घरात जाऊन चुलत्यास सांगितले, की आज डोंगा वर ओढून ठेवा. चुलता जेवणावरून उठला आणि नदीकडे गेला.

इत्यलम्.